तांब्याचं टोपण आणि केसाएवढी फट

काँप्युटरचा नवा प्रोसेसर विकत आणायचा, तो चालतोय याची खात्री करायची, आणि मग त्याच्या डोक्यावरचं धातूचं टोपण उचकटून दुसरं बसवायचं, असा उद्योग करणारी माणसं जगभर आहेत. आमच्या कोल्हापुरातही आहेत. थोडी आहेत, पण एकमेकांना ओळखून आहेत. ‘कशाला?’ असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. आमच्या घरी हा प्रश्न नेहमीचा आहे, फक्त जरा वरच्या पट्टीत विचारला जातो.

या टोपणाचं कागदोपत्री नाव इंटिग्रेटेड हीट स्प्रेडर, बोलीत आयएचएस. प्रोसेसर हातात घेतल्यावर आपल्याला जो चंदेरी चौकोन दिसतो, ज्यावर मॉडेलचं नाव कोरलेलं असतं, तो प्रोसेसर नव्हेच. ते हे टोपण. खरी चिप त्याच्या पोटात असते, आणि ती फारच लहान असते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीतल्या चार कोरच्या चिपचं क्षेत्रफळ साधारण १२० चौरस मिलिमीटर. तिच्यावरचं टोपण जेमतेम तीन सेंटिमीटर लांब-रुंद. चिपमधली उष्णता घ्यायची, पसरवायची आणि वर बसलेल्या कूलरच्या (धातूच्या फिना आणि पंखा) हवाली करायची, हे त्याचं एक काम. दुसरं काम राखणदारीचं. पेंटियम थ्री किंवा अ‍ॅथलॉन एक्सपीच्या काळात बहुतेक चिपा उघड्याच असायच्या, आणि कूलर बसवताना हात जरा तिरका पडला की सिलिकॉनचा कोपरा उडायचा. त्या काळात काँप्युटर जोडणाऱ्या कुणालाही विचारा, एखादा टवका उडालेला अ‍ॅथलॉन त्याच्या आठवणीत असतोच. २००० साली पेंटियम फोर आला तो टोपण घालून, आणि पुढे डेस्कटॉपवर टोपणाचाच रिवाज झाला.

मग हे टोपण काढावंसं कुणाला का वाटलं? त्याचं उत्तर २०१२ सालात आहे. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपर्यंत इंटेल चिप आणि टोपण यांच्यामध्ये इंडियम या मऊ धातूचा डाग (सोल्डर) देत असे. धातूला धातू जोडलेला, मधे हवेला जागा नाही. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून मुख्य डेस्कटॉप चिपांमध्ये डाग गेला आणि साधी थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा मलम, आली. लोकांच्या लगेच लक्षात आलं. ३७७०के ही चिप आधीच्या चिपेपेक्षा वीज कमी खायची, पण ओव्हरक्लॉक केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवली, की तापायची मात्र जास्त. मग लोकांनी दाढीची पाती घेतली आणि टोपणाच्या कडेचा काळा सिलिकॉनचा गोंद कापायला सुरुवात केली. पातं दोन धाग्यांनी जास्त आत गेलं की खालच्या हिरव्या पट्टीतले तांब्याचे रस्ते कापले जायचे आणि वीस-पंचवीस हजारांची चीज कचऱ्यात. नंतर व्हाइसची, म्हणजे शिकंज्याची, युक्ती निघाली: टोपण व्हाइसमध्ये पकडायचं, पट्टीला लाकडाचा ठोकळा लावायचा आणि हातोडीनं एक टिचकी. जर्मनीचा डेअरबाउअर हा ओव्हरक्लॉकर तर खास या कामासाठी बनवलेलं, स्क्रू फिरवून टोपण सरकवणारं हत्यारच घेऊन आला, आणि तेव्हापासून हे काम धाडसाचं राहिलं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात ९९००के ही चिप आली तेव्हा इंटेलनं पुन्हा डाग द्यायला सुरुवात केली. मधली सहा वर्षं पेस्टची. याच सहा वर्षांत अख्खा एक छोटा बाजार उभा राहिला, आणि त्या बाजारातला सर्वांत देखणा माल म्हणजे तांब्याचं टोपण.

देखणा म्हणजे खरंच देखणा. रॉकिट कूल या अमेरिकी कंपनीनं इंटेलच्या ११५० आणि ११५१ सॉकेटांसाठी (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) अशी टोपणं विकायला काढली. मूळ टोपणाला कडेनं पायऱ्या असतात, त्यामुळे वरचा सपाट भाग आखूड पडतो. याचा सपाट भाग जास्त मोठा, कडा धारदार, रंग नव्या कोऱ्या हंड्याचा. मदरबोर्डाच्या काळ्या-करड्या गर्दीत ते असं उठून दिसतं की वर कूलर बसवून ते झाकायचं जिवावर येतं. आणि तांबं म्हटलं की आपल्याकडच्या माणसाचा अर्धा विश्वास आधीच बसलेला असतो. पाणी तांब्यातलं, पूजेचं भांडं तांब्याचं, मोटरीचं वाइंडिंग तांब्याचं. अ‍ॅल्युमिनियमचं वाइंडिंग असलेली मोटर स्वस्त मिळाली तरी शेतकरी दोनदा विचार करतो. तेव्हा ‘शुद्ध तांब्याचं टोपण’ हे तीन शब्द वाचले की पुढचं काही वाचायची गरजच पडत नाही.

पण मी जरा हिशेबी माणूस आहे.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये चिपेची उष्णता वाढते ती वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.५ गिगाहर्ट्झवरून ४.९ वर जायचं, त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं असं धरू. वेग वाढला नऊ टक्के. उष्णता वाढली साधारण अडतीस टक्के. ९० वॉटची चिप १२० वॉटच्या पुढं गेली. हे १२० वॉट १२० चौरस मिलिमीटरमधून बाहेर पडायचे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक वॉट. आकडे असे सोयीचे आले की गणित कागदाच्या मागच्या बाजूला मावतं. कुठल्याही थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) घ्यायची, त्याच्या उष्णतावाहकतेनं भागायची, आणि त्या थरापायी किती अंश वाया गेले ते समजतं.

तांब्याची वाहकता साधारण ४०० (वॉट प्रति मीटर-केल्विन; पुढचे आकडेही त्याच मापात). दोन मिलिमीटर जाडीचं तांब्याचं टोपण घ्या: पाच अंश. तेही उष्णता आडवी अजिबात पसरत नाही असं धरून; प्रत्यक्षात ती पसरते, म्हणून आकडा याहून कमीच येणार. आता चिप आणि टोपण यांच्यामधली पेस्ट. वाहकता चार, जाडी एक दशांश मिलिमीटर, केसाहून थोडी जास्त: पंचवीस अंश. तीच पेस्ट, पण थर ०.०३ मिलिमीटर: साडेसात अंश. पेस्ट बदललेली नाही, फक्त फट कमी केली आणि साडेसतरा अंश वाचले. इंडियमचा डाग, वाहकता ऐंशीच्या आसपास, जाडी ०.३ मिलिमीटर: चार अंशांच्या आत. आणि आता हवा. हवेची वाहकता ०.०२५. समजा पेस्ट लावायची राहून गेली आणि सगळीकडे फक्त एक शतांश मिलिमीटर हवा राहिली, तर चारशे अंश! अर्थात चिप त्याआधीच स्वतःला बंद करून घेते.

हा हिशेब सरधोपट आहे, पण त्यातून कुठं पैसे घालायचे आणि कुठं नाही हे स्वच्छ दिसतं. विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवली आणि मधे अर्ध्या इंचाचा पाइप टाकला, तर ऊस वाळणारच. मोटर वीस एचपीची केली तरी वाळणार. तांबं ही मोटर आहे. पाइप म्हणजे ती केसाएवढी फट.

शिवाय जाहिरातीत सहसा न येणारी एक गोष्ट अशी की इंटेलचं मूळ टोपणही तांब्याचंच असतं. वर निकेलचा मुलामा असतो म्हणून ते चंदेरी दिसतं. या मुलाम्याची जाडी काही मायक्रॉन. पाच मायक्रॉन धरा, निकेलची वाहकता नव्वद धरा, आणि वरचंच गणित करा: ०.०६ अंश. म्हणजे ‘निकेलचा अडथळा दूर’ या वाक्याची किंमत एका अंशाचा सोळावा भाग. घरातला पंखा दोनवरून तीनवर केला तरी याहून जास्त फरक पडेल.

तरीही तांब्याचं टोपण बसवलेल्यांचे आकडे दोन-चार अंशांनी खाली येतात. खोटे नाहीत ते. येतात कारण नवं टोपण जास्त सपाट असतं, त्याचा वरचा भाग मोठा असतो, आणि बसवताना माणूस जुना गोंद खरवडून फट कमी करतो. पेस्टच्या जागी द्रवधातू (साध्या तापमानाला पातळ राहणारा धातू, त्याबद्दल पुढं) आल्याचे पंधरा-वीस अंश वेगळेच. सगळं मिळून श्रेय जातं तांब्याला, कारण फोटोत तेच दिसतं.

हे सगळं मला पुस्तकी कळलं होतं. हाताला कळलं ते उद्यमनगरात.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: कोल्हापूर म्हणजे फक्त तांबडा-पांढरा आणि चप्पल नव्हे. हे ओतकामाचं आणि लेथचं गाव आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासून इथल्या मिस्त्रींनी शेतकऱ्यांच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं बनवली. शेतात वीज आली, इंजिनांचे दिवस सरले, तशा त्याच हातांनी गाड्यांचे पार्ट धरले. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून निघालेली कास्टिंग कुठल्या कुठल्या गाड्यांत जातात याचा पत्ता गाडी चालवणाऱ्यालाही नसतो. पण छोटं, एकच नग असलेलं, ‘एवढं करून द्या की’ छापाचं काम असेल तर पाय शिवाजी उद्यमनगरकडेच वळतात. तिथं माझ्या मामांचं जॉबवर्कचं शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनं सरफेस ग्राइंडर, आणि भिंतीवर मारुतीच्या फोटोशेजारी व्हर्नियर टांगलेला.

प्रोसेसरचं उचकटलेलं टोपण मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नखानं वाजवून बघितलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला.

“काय रं ह्ये?”

“काँप्युटरच्या प्रोसेसरचं टोपण, मामा. वरून सपाट करायचंय. ग्राइंडरवर होईल?”

“निकेल मारल्यालं तांबं हाय न्हवं?” रंगावरून नाही, वजनावरून ओळखलं होतं त्यांनी. “मग मॅग्नेटला धरणार कसं लेका?”

मी गप्प. सरफेस ग्राइंडरचा टेबल म्हणजे एक मोठं चुंबक असतं. लोखंडाचा जॉब त्यावर ठेवायचा, कळ फिरवायची, जॉब घट्ट. तांब्याला चुंबकाशी काही देणंघेणं नाही. बरं, व्हाइसमध्ये धरावं तर हे टोपण आतून पोकळ, कडेला पातळ काठ. आवळलं की वाकणार, आणि वाकलेल्यावर सपाट केलेलं व्हाइस सोडला की पुन्हा वाकडं. मामांनी वर आणखी एक सांगितलं: तांबं चिवट, दगडाच्या दाण्यांत जाऊन बसतं, ग्राइंडिंगचा दगड भरला की तो कापायचं सोडून घासत राहतो आणि जॉब तापवतो.

“मशीनचं काम न्हाई ह्ये. हातानं घास. पण आधी बघ तरी, वाकडं हाय का न्हाई त्ये.”

मग त्यांनी ग्रॅनाइटचं सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेली फरशी, पुसून दिलं. त्यावर वॉटर पेपर, चारशे नंबरचा, पाणी आणि साबणाचा एक थेंब. टोपणाच्या वरच्या बाजूला काळ्या मार्करनं मी चौकटीच्या रेघा ओढल्या, आणि एका बोटाच्या वजनानं, इंग्रजी आठ काढत घासायला सुरुवात केली. थोडंसं घासून उलटं करून बघितलं. चारी कडांच्या रेघा साफ गेल्या होत्या. मधोमध, नेमकं जिथं खाली चिप असते तिथं, रेघा जशाच्या तशा. म्हणजे टोपण मधे खोलगट होतं. आणखी घासलं तेव्हा कडेनं निकेल जाऊन तांब्याची एक तांबूस चौकट उमटली, मधे चंदेरी बेट राहिलं. ते बेट कमी कमी होत गेलं, आधी लांबट, मग गोल, मग एका कोपऱ्याकडे सरकलेला नुसता ठिपका. मी घाई करायला लागलो की मामा लांबूनच ओरडायचे, “दाबू नगंस! दाबलंस की कडा खाली जात्यात.” आठशे, बाराशे, दोन हजार. शेवटी पेपर बाजूला ठेवून त्यांनी टोपणावर निळ्या शाईचा अगदी पुसट हात फिरवला, प्लेटवर एकदा सरकवलं आणि उलटं करून मला दाखवलं. शाई सगळीकडे सारखी उडालेली.

आता माझ्या हातात काय होतं? वरून नितळ तांबं. परदेशातून मागवायचं, टोपणापेक्षा त्याच्या भाड्याला आणि कस्टमला जास्त मोजायचं, आणि तीन आठवडे वाट बघायची, ती वस्तू मूळ टोपणाच्या निकेलखालीच होती. रॉकिट कूलच्या टोपणाचा वरचा सपाट भाग मोठा असतो, तेवढा काही मला मिळाला नाही, हे कबूल. पण कूलरच्या आणि टोपणाच्या मधली फट गेली.

राहिली खालची. टोपण आणि चिप यांच्यातली फट ठरते ती काठाखालच्या गोंदानं. आयव्ही ब्रिजच्या वेळी अनेकांनी पेस्टला शिव्या घातल्या, पण खोलात गेलेल्यांच्या लक्षात आलं की पेस्ट तितकी वाईट नव्हती. गोंदाचा थर टोपणाला चिपेपासून वर उचलून धरत होता. म्हणून गोंद पूर्ण काढायचा, चिपेच्या पट्टीवरचाही आणि काठावरचाही, आणि धातूनं नाही, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं. परत बसवताना चारी बाजूंना सलग गोंद न लावता चार कोपऱ्यांत चार बारीक ठिपके. नंतर प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवून त्याचीच कळ लावायची आणि रात्रभर सोडून द्यायचं. तेवढा दाब पुरतो. हॅसवेल पिढीच्या चिपेशेजारी बारीक कपॅसिटर असतात, त्यांच्यावर द्रवधातूचा थेंब पडला तर शॉर्ट होतो, म्हणून त्यांना पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यायचा. आमच्या घरातली नेलपॉलिशची बाटली या कामी आली तेव्हा बहिणीनं वर्गणी म्हणून नवीन दोन मागितल्या.

द्रवधातू म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण. साध्या तापमानाला पातळ असतं. कापसाच्या काडीनं लावायला घेतलं की आधी पाऱ्यासारख्या गोळ्या होऊन पळतं. चिकाटीनं घासत राहिलं की अचानक पृष्ठभागाला धरतं आणि आरसा पसरतो. वाहकता चांगल्या पेस्टच्याही कितीतरी पुढं, त्यामुळे ०.०३ मिलिमीटरच्या थरात दोन अंशांच्या वर काही जात नाही. पण इथं तांब्याचा एक अवगुण समोर येतो आणि निकेलची बाजू घ्यावी लागते. गॅलियम उघड्या तांब्यात हळूहळू शिरतं, त्याच्याशी नवा संयुक्त धातू बनवतं, आणि काही महिन्यांनी वर राहिलेला थर कोरडा, करडा पडतो. तापमान चढायला लागतं. मग उघडून दुसरा हात द्यायचा. एकदा तांबं तृप्त झालं की पुढं बरंच टिकतं. निकेलवर हा खेळ फार कमी होतो. म्हणजे ज्या मुलाम्याला जाहिरातीत अडथळा म्हणतात, तोच इथं कामाचा. म्हणून आतली बाजू निकेलची ठेवावी आणि वरची बाजू हवी तर घासावी, हे माझं मत. आणि अ‍ॅल्युमिनियमजवळ हा पदार्थ चुकूनही नेऊ नये. गॅलियम त्याच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि धातूचा भुगा होतो. बरेच स्वस्त कूलर खाली तांब्याच्या नळ्या आणि मधे अ‍ॅल्युमिनियम असे असतात, म्हणून टोपण आणि कूलर यांच्यामध्ये साधी पेस्टच बरी.

मामांना मी हिशेबाचा कागदही दाखवला होता. चारशे अंशांच्या हवेवर ते हसले नाहीत. “बेअरिंगच्या सीटिंगला बी ह्येच,” म्हणाले, आणि पुढच्या जॉबकडे वळले.

चांदीचा विचार मनात आला नाही असं नाही. तांब्याहून जास्त वाहकता असलेला आणि आपल्या आवाक्यात येणारा धातू तोच, साधारण ४३०. आणि हुपरी इथून हाकेच्या अंतरावर. गावात घराघरात चांदीचं काम चालतं, पैंजण-जोडव्यांपासून सगळं. एखाद्या कारागिराला नमुना दिला तर चांदीचं टोपण करून मिळालं असतं. गणित केलं: दोन मिलिमीटरला तांब्याचे पाच अंश, चांदीचे चार पूर्णांक सात. तिसऱ्या हिश्श्याच्या अंशासाठी चांदी! त्यापेक्षा बहिणीला पैंजण केले असते तर नेलपॉलिशचं प्रकरण तरी मिटलं असतं.

या सगळ्या धडपडीत आपल्या हवेचा विचार मात्र कुणी करत नाही. युरोपातल्या चाचण्यांत खोली वीस-बावीस अंशांची असते. कोल्हापूर तसं सोसणारं गाव, सोलापूर-नगरसारखं भाजत नाही; पण एप्रिलच्या दुपारी, वळिवाच्या आधी, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत पारा छत्तीसवर असतोच. कूलर काहीही करो, चिपेचं तापमान खोलीच्या तापमानावर उभं असतं. खोली चौदा अंश गरम तर चिपही जवळपास चौदा अंश गरम. रिव्ह्यूत ७८ वाचून खूश व्हायचं आणि आपल्याकडे ९२ दिसले की टोपणाला दोष द्यायचा, यात अर्थ नाही. त्यात आमचं घर गावाच्या कडेला. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि काँप्युटरच्या फिनांमध्ये. दिवाळी ते शिमगा या काळात महिन्यातून एकदा कूलर ब्लोअरनं साफ केला तर जेवढे अंश वाचतात तेवढे कुठल्याच तांब्यानं वाचवलेले मी बघितले नाहीत. हा उपाय फुकट आहे म्हणूनच बहुधा त्याचे व्हिडिओ कुणी करत नाही.

इथवर मी तांब्याला जरा जास्तच खाली ओढलं, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. २०२२ साली इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या रायझन ७००० चिपा आल्या. जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्या एएम५ वरही बसावेत म्हणून एकूण उंची तीच ठेवली गेली, आणि त्यासाठी टोपण चांगलंच जाड केलं गेलं. आतल्या कोरवाल्या चिपा मात्र लहान, साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या. डाग इंडियमचाच, त्यामुळे पेस्टचं निमित्त नाही. तरी डेअरबाउअरनं टोपण काढून कूलर थेट चिपेवर बसवला तेव्हा तापमान वीसेक अंशांनी उतरलं. इथं माझ्या कागदावरच्या गणिताला मुरड घालावी लागते. उष्णता इतक्या थोड्या जागेतून येत असली की तांब्याचे मिलिमीटरही महाग पडतात. पण एएमडीनं या चिपा ९५ अंशांवर चालायलाच बनवल्यात. त्या स्वतःच तिथपर्यंत वेग चढवत नेतात. टोपण काढून वीस अंश कमी केले तरी त्यातून मिळणारा वेग नजरेत भरण्याइतका नसतो.

इंटेलच्या बाजूला २०२१ पासूनच्या १७०० सॉकेटात वेगळीच गंमत झाली. चिप आता चौकोनी नाही, लांबट. आणि सॉकेटची कळ तिला मधोमध दोन बाजूंनी दाबते. त्या दाबानं टोपण मधे खोलगट होतं, कूलर कडांवर टेकतो आणि चिपेच्या वर पेस्ट जाड राहते. इथं कुणी तांब्याचं टोपण विकून फायदा नव्हता. लोकांनी कळ काढली आणि चारी बाजूंनी सारखा दाबणारा अ‍ॅल्युमिनियमचा फ्रेम बसवला. थर्मल ग्रिझली आणि थर्मलराइट या दोन्ही कंपन्यांचे फ्रेम मिळतात, दुसरा बराच स्वस्त. नुसतं टोपण सरळ राहिल्यानं काही अंश कमी होतात. मामांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग नवीन काय सांगितलंस.

आता जुन्या मशीनवाल्यांसाठी. पेस्टच्या सहा वर्षांतली एखादी चिप तुमच्याकडे असेल, तिची वॉरंटी केव्हाच संपलेली असेल आणि हात स्थिर असेल, तर टोपण काढून द्रवधातू भरणं अजूनही फायद्याचं आहे. चार-पाच हजारांचा नवा कूलर घेण्यापेक्षा जास्त फरक पडेल. टोपण काढायचं हत्यार विकत घेऊ नका, एकमेकांत फिरवा. आमच्यात एकच आहे आणि ते सध्या इचलकरंजीला आहे. तांब्याचं टोपण आवडत असेल तर जरूर घ्या, दिसतं छान. त्याआधी जुनं टोपण मार्करच्या रेघा मारून काचेवर दोन हात घासून बघा. सगळ्या रेघा सारख्या गेल्या तर ते सपाटच आहे, परत बसवून मोकळे व्हा. मधल्या रेघा राहिल्या तर वॉटर पेपर टिंबर मार्केटात मिळतो, नाहीतर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात. चारशेपासून सुरू करा, आणि दाबू नका.